नाव नसलेल्या मातीत पणजोबा कसे शोधायचे?

मागच्या अंकात सातबाऱ्यावरून घराण्याचा माग कसा काढायचा ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हापुन्हा वाचायला मिळाली: ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांनी सातबारा कुठून आणायचा? आमच्याकडे उरली आहे ती गावाबाहेरची माती देण्याची जागा, तेवढीच. तहसीलच्या अभिलेख कक्षात नोकरी केलेली असल्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. या वेळी त्याच पत्रांना उत्तरं देते आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण ते एकाचं असलं तरी प्रश्न अनेकांचा आहे.

प्रश्न: आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मूळ गाव कुही तालुक्यात. आजी सांगायची, तिचे सासरे म्हणजे माझे पणजोबा गावचे कोतवाल होते आणि ते ‘मानमोडीत’ गेले. गावच्या नाल्यापलीकडे आमच्या लोकांची जुनी दफनभूमी आहे. तिथे मातीचे उंचवटे आणि न घडवलेले दगड आहेत, एकावरही नाव नाही. वडील आता थकले आहेत. ते असेपर्यंत पणजोबांच्या जागेवर ग्रॅनाइटचा फलक बसवायची इच्छा आहे. कोणता उंचवटा त्यांचा हे कसं ठरवायचं?

उत्तर: फलकाची ऑर्डर अजून देऊ नका. का ते पुढे सांगते. आधी कागदाकडे वळू, कारण तुमच्या आजीने तारखेचं अर्धं काम करून ठेवलंय. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. आपल्या मध्य प्रांतात तिचा कहर ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाला, आणि देशात जिथे सगळ्यात जास्त माणसं दगावली त्या भागांत आपला प्रांत होता. तेव्हा तुम्हाला शंभर वर्षांच्या वह्या चाळायच्या नाहीत. सप्टेंबर १९१८ ते जानेवारी १९१९ एवढीच पानं आधी बघायची.

ही पानं कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची. जुन्या मध्य प्रांतात गावातल्या जन्म-मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात पोचवणं हे कोतवालाचं काम. त्याला स्वतःला लिहिता येत नसलं तरी तो वही घेऊन जायचा आणि दुसऱ्याकडून नोंद लिहून घ्यायचा. अशा जुन्या वह्या आज तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. मृत्यूच्या नोंदीत तारीख, मयताचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, मरणाचं कारण असे रकाने असतात. आडनाव बहुधा नसतंच. पुरुष असेल तर ‘अमका वल्द तमका’, बाई असेल तर ‘जौजे’ लिहून नवऱ्याचं नाव. त्यामुळे तुम्ही आज लावता ते आडनाव घेऊन शोधायला बसलात तर दिवस वाया जाईल. खापरपणजोबांचं नाव घरात कुणाला आठवतं का ते आधी विचारा. शोध चालतो तो बाप-लेकाच्या जोडीवर.

कारणाच्या रकान्यातही ‘इन्फ्लुएन्झा’ शोधत बसू नका. त्या साथीतली बहुतेक मरणं ‘ताप’ म्हणूनच लिहिली गेली. एरवी एका पानावर चार महिन्यांच्या नोंदी बसणाऱ्या लहान गावात अचानक पानामागून पान ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’ असं दिसायला लागलं, की समजायचं आपण त्या महिन्यांत पोचलो.

तहसीलला जाण्याआधी घरातलीच एक फाईल काढा. तुमच्या भावकीत कुणाची ना कुणाची जात पडताळणी झालेली असेल. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख, म्हणून तिच्याआधीचा पुरावा लागतो, आणि विदर्भात पुष्कळ घरांनी तो कोतवाल पंजीची नक्कल काढूनच दिलेला आहे. व्हॅलिडिटी मिळाली की ती फाईल लोखंडी कपाटात जाते आणि पुन्हा कुणी उघडत नाही. त्या नकलेवर गावाचं तेव्हाचं नाव, ठाणं, वहीचं वर्ष आणि पान असतं. तेवढं हाती असलं की अभिलेख कक्षातल्या माणसाचं काम निम्मं होतं. मग तो तुमच्यासाठी थोडा वेळही काढतो.

आता तुमच्या प्रकरणातला खरा पेच. गावातल्या प्रत्येक मरणाची खबर पोचवणारा माणूस स्वतःच गेला, तर त्याची खबर कुणी दिली? साथीच्या त्या महिन्यांत कितीतरी ठिकाणी नोंदणीच कोलमडली, कारण नोंद पोचवणारे कोतवाल अंथरुणाला खिळले होते किंवा मेले होते. म्हणून तुमच्या पणजोबांची नोंद सापडली नाही, तर आजीचं सांगणं चुकीचं ठरवू नका. अशा वेळी वही दुसऱ्या बाजूने वाचायची. नोंदी कोणत्या तारखेला थांबतात? पुन्हा कधी सुरू होतात? तेव्हा खबर देणारा म्हणून कुणाचं नाव येतं? कोतवालकी पुष्कळदा घरातच राहायची. खंड पडल्यानंतर तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाचं किंवा चुलत्याचं नाव दिसलं, तर पणजोबांचा मृत्यू त्या खंडातला आहे हे जवळजवळ ठरलं. शिवाय काही गावांत कोतवालाला सेवेपोटी जमीन असायची. तशी असेल तर बंदोबस्ताच्या मिसलीत, म्हणजे जुन्या जमीन-मोजणी आणि सारा-आकारणीच्या दप्तरात, त्यांचं नाव भेटू शकतं. ज्यांच्याकडे स्वतःची एक पट्टी शेत नव्हतं त्यांचं नाव जमिनीच्या कागदात सापडणं, हा आनंद मी कक्षात बसून लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे.

नोंदीत जात जशी लिहिली असेल तशीच तुमच्या वहीत उतरवा. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तुमचं घर बौद्ध झालं असेल, तरी १९१८ च्या कागदातला शब्द बदलायचा नाही, खोडायचा नाही. पुढच्या पिढीला तुमच्या घराने किती अंतर कापलं हे त्या कागदावरूनच कळणार आहे.

एवढं झालं की गावाला जा. माघ-फाल्गुनात जा, गवत वाळलेलं असतं आणि उंचवटे डोळ्यांना दिसतात. पावसाळ्यात त्या जागेवर काहीच कळत नाही, वर विंचू-सापाची भीती. वडिलांना नेता आलं तर न्याच. सोबत गावातला असा म्हातारा घ्या जो लहानपणापासून लोकांच्या मातीला गेलेला आहे. त्याला ‘आमचे पणजोबा कुठे?’ असं विचारू नका. त्याने त्यांना पाहिलेलंच नाही, आणि तुमचं मन मोडू नये म्हणून तो कुठेतरी बोट दाखवेल. त्याला विचारा, तुमच्या आठवणीतली पहिली माती इथे कुणाची? कुठल्या कोपऱ्यात? त्याआधीची लोकं कुठल्या बाजूला आहेत असं तुमचे वडील सांगायचे? लहान लेकरांना कुठे पुरायचे? बाहेरगावच्या माणसाला कुठे जागा द्यायचे? अशा उत्तरांतून जमिनीचा क्रम कळतो. नाल्याच्या बाजूने सुरुवात झाली की रस्त्याच्या बाजूने, कुठल्या घराची माणसं एकमेकांशेजारी आहेत, हे हळूहळू उलगडतं.

बायकांना विचारायला विसरू नका. त्या मातीला गेलेल्या नसतात, म्हणून शोधणारे त्यांच्याकडे जातच नाहीत, आणि तिथेच माहितीचा मोठा साठा राहून जातो. कोण कधी गेलं हे त्यांना सणावरून आठवतं. ‘पोळा झाला अन् दुसऱ्या दिवशी मारबती निघायच्या वेळी सासरा गेला’ असं एखादी आजी सांगते, आणि मग त्या वर्षाचा पोळा कोणत्या तारखेला होता एवढंच पंचांगात बघायचं उरतं.

एका कागदावर जागेचा नकाशा काढा. नाला, पांदण (शेतांकडे जाणारी वाट), मोठी झाडं आधी मांडा, मग प्रत्येक उंचवट्याला आकडा द्या. दगडावर चुन्याने किंवा ऑइल पेंटने आकडे घालू नका, ते आकडे फक्त तुमच्या कागदावर राहू द्या. दोन म्हाताऱ्यांना वेगवेगळं नेऊन तीच जागा दाखवायला सांगा. दोघांचं बोट एका ठिकाणी पडलं तर माहितीला वजन आलं. एकाला दुसऱ्यासमोर विचारलं तर गावच्या मानापानात खरं बाजूला राहतं.

तलाठ्याकडे गावचं निस्तार पत्रकही बघून घ्या. गावातली कोणती सरकारी जमीन कशासाठी राखलेली आहे हे त्यात असतं, आणि मसणवटीची, दफनाची जागा खसरा क्रमांकासह, म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या क्रमांकासह, सापडू शकते. नागपूर जिल्हा हा मालगुजारीचा मुलूख, म्हणजे सारा गोळा करणारे मालगुजार गावाचे मालक असायचे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली तेव्हा गावाच्या अशा सामाईक जागा सरकारकडे आल्या. तुमची दफनभूमी नोंदीत आहे की नाही हे आज तपासणं पणजोबांच्या उंचवट्याइतकंच निकडीचं आहे. नोंद नसलेली जागा रस्त्यात, ले-आउटमध्ये किंवा शेजारच्या वावरात कधी जाईल याचा भरवसा नाही. नोंद नसेल तर ग्रामसभेत विषय घ्यायला लावा.

आता फलकाचं. तुम्हाला स्पष्टच सांगायला हवं: शंभर वर्षांपूर्वीच्या, खूण नसलेल्या मातीत नेमका एकच उंचवटा पणजोबांचा असं खात्रीने ठरणं फार अवघड आहे. जागा कमी पडली की जुन्या खड्ड्यावर नवा खड्डा येतो. साथीत तर एकेका दिवशी कितीजणांना माती दिली असेल, आणि ती देणाऱ्या हातांत किती बळ उरलं असेल. अंदाजाने बसवलेला ग्रॅनाइट दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबांच्या छातीवर बसेल, आणि पुढच्या पिढ्या त्यालाच पुरावा मानतील. त्याच्या पायासाठी खोदाल तेव्हा हाडं हलतील ती वेगळीच. माझं मत असं, की दफनभूमीच्या तोंडाशी, जिथे कुणालाच पुरलेलं नाही अशा जागी, ग्रामपंचायतीच्या परवानगीने एक सामाईक दगड उभा करा. पंजीत त्या साथीत गेलेल्यांची म्हणून जेवढी नावं सापडतील तेवढी सगळी त्यावर कोरा, वल्द आणि जौजेसकट. ज्या माणसाने गावातल्या प्रत्येकाच्या मरणाची खबर ठाण्यापर्यंत पायी पोचवली, त्याचं नाव त्या यादीत सगळ्यात वर घाला. वडिलांच्या हयातीत हे नक्की होऊ शकतं.

प्रश्न: आमचं कुटुंब कामठीचं, मूळचे तेलुगू ख्रिस्ती. पणजीची कबर जवळच्या खेड्यातल्या लहानशा दफनभूमीत आहे. दगडावरची अक्षरं झिजलीत. एका कारागिराने ॲसिडने धुऊन, पॉलिश पेपर मारून अक्षरं ‘उघडी करून देतो’ म्हटलंय. द्यावं का?

उत्तर: अजिबात नाही. त्याला नम्रपणे परत पाठवा. संगमरवर ॲसिडमध्ये विरघळतो, आणि पॉलिश पेपरने नेमका तोच पातळ थर जातो ज्यात अक्षरांची उरलीसुरली खोली आहे. दगड वालुकाश्माचा असेल तर आणखी सांभाळा. तुमच्याच गावाच्या नावाने भूशास्त्रात ओळखला जाणारा कामठी वालुकाश्म घ्या: असा दगड पाणी पितो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. तारेचा ब्रश, खडू, पीठ, टाल्कम पावडर, तेल यातलं काहीही लावायचं नाही. साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही दगड घट्ट असेल तरच. शेवाळ चिकटलेलं असेल तर नखाने खरवडू नका, त्याच्यासोबत दगडाचा पापुद्राही येतो.

झिजलेलं अक्षर वाचायला लागतो तो तिरपा उजेड. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, तेव्हा उथळ खाचेतही सावली पडते. दगडाचं तोंड उत्तरेला असेल आणि ऊन येतच नसेल तर मोठा आरसा धरून बाजूने उजेड टाका. याहून सोपं म्हणजे अंधार पडल्यावर मोबाईलचा टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका कडेने धरायचा, आणि दुसऱ्याने समोरून फोटो काढायचा. टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असा फिरवत प्रत्येक वेळी फोटो घ्या. एका फोटोत न दिसलेला आकडा दुसऱ्यात दिसतो. ३ आणि ८, १ आणि ७ यांत गफलत होते, म्हणून जे दिसलं तेवढंच लिहा आणि शंकेच्या जागी टिंब सोडा. घरच्यांना जे हवं ते तिथे वाचलं जातं, हे लक्षात ठेवा.

मग दगडाशी चर्चची दफन नोंदवही ताडून बघा. तिच्यात नाव, वय, दफनाची तारीख आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूची सही मिळते. कामठीची छावणी १८२१ मधली आणि तिथे मद्रासच्या फौजा असायच्या. तुमच्यासारखी तेलुगू आणि तमिळ घरं इकडे आली ती बरीचशी त्या फौजेच्या मागेच. म्हणून कामठीच्या जुन्या बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या प्रती मुंबईच्या नव्हे, मद्रास इलाख्याच्या दप्तरात बघाव्या लागतात. ते दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहे. पण तिथे भर आहे तो गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन लोकांवर. तुमच्या पणजीसाठी गावच्या चर्चमधली वही हाच पहिला आणि खात्रीचा मार्ग. फादरांना आधी फोन करून वेळ घ्या, आणि वहीचे फोटो काढण्याआधी परवानगी विचारा.

प्रश्न: टाकळघाटजवळ आमच्या शेताला लागून मोठ्या धोंड्यांची गोल वर्तुळं आहेत. त्या आमच्या पूर्वजांच्या समाध्या असं घरात मानतात. थोडं खणून पाहिलं तर काही नावनिशाणी मिळेल का?

उत्तर: खणू नका. ही शिळावर्तुळं लोहयुगातली आहेत, दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी. टाकळघाट-खापा, माहूरझरी आणि काटोल रोडवरचं जुनापाणी ही त्यांचीच नावाजलेली ठिकाणं. त्यांत मडकी आणि लोखंडी हत्यारं सापडली आहेत, लिहिलेलं नाव मात्र मिळायचं नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये याच टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. त्या काळापासून अभ्यासक इथे येत आहेत. तुम्ही वर्तुळांचे फोटो आणि शेताचा खसरा क्रमांक पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. नांगर वर्तुळाच्या आत जाऊ देऊ नका. घराण्याचा शोध त्या धोंड्यांवरून लागणार नाही, पण वर्तुळं तुमच्या बांधाला आहेत, तेव्हा राखणदार तुम्हीच.

प्रश्न: उमरेडकडच्या आमच्या गावच्या कब्रस्तानात एका दगडावर ‘सफर १३३७’ एवढंच वाचता येतं. इसवी सन कोणतं?

उत्तर: नोव्हेंबर १९१८, किंवा फार तर डिसेंबरचे पहिले काही दिवस. हिजरी १३३७ सुरू झालं ते ऑक्टोबर १९१८ च्या पहिल्या आठवड्यात आणि सफर हा दुसरा महिना. ढोबळ हिशेबासाठी हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. तारीख पाहता हीदेखील मानमोडीतली कबर असण्याची दाट शक्यता आहे. पहिल्या पत्राच्या उत्तरात सांगितलेली पंजी तुम्हीही बघा. कोतवाल गावातल्या सगळ्याच जातिधर्मांची खबर देत असे. (शके असेल तर ७८ मिळवा, आणि जानेवारी ते चैत्र लागेपर्यंतच्या तारखांना ७९.)

प्रश्न: आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आजोबा-पणजोबांची माती जिथे होती ती जागाही गेली. आता पुनर्वसनाच्या गावठाणात राहतो. शोधायला काही उरलंय का?

उत्तर: उरलंय, आणि तुमच्या बाबतीत घाई करायला हवी. पाण्याखाली गेलेल्या जागेचे कागद मात्र इतर गावांपेक्षा जास्त असतात, कारण सरकारला ती जमीन घेण्याआधी मोजावी लागली. भूसंपादनाच्या वेळची संयुक्त मोजणी, तिचा नकाशा आणि निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) यांत कोणत्या खसऱ्यात घर, विहीर, झाडं, देऊळ होतं याची नोंद असते. दफनभूमीचा तुकडाही त्यात येऊ शकतो. उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात जुना गावनकाशा मागा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे धरणाआधीचे नकाशेही बघा, त्यांत कबरींना वेगळी खूण असते. धरणाची पायाभरणी १९८८ ची, म्हणजे त्याआधीची आवृत्ती हवी.

पण ‘कोण कुठे’ हे कुठल्याच नकाशात नाही. ते ज्यांना माहीत आहे ती माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत, आणि पुनर्वसनात एकाच गावची घरं वेगवेगळ्या वस्त्यांत विखुरलीत. त्यांना एका दिवशी एकत्र बसवा. गावनकाशाची मोठी झेरॉक्स मध्ये पसरा आणि फोनवर बोलणं रेकॉर्ड करत राहा. गावात शिरतानाच्या पांदणीपासून सुरुवात करायला सांगा. थेट दफनभूमीवर नेलं तर लोक गप्प होतात. पांदण, विहीर, चावडी करत पावलं चालत गेली की पुढचं आपोआप निघतं. भांडणं होतील, होऊ द्या, दोन्ही बाजू लिहून घ्या. नंतर प्रत्येक नावापुढे कुणी सांगितलं त्याचं नाव घाला आणि कागदाच्या प्रती चार घरांत ठेवा.

नकलेच्या अर्जात गावाचं जुनं नाव, तेव्हाचा पटवारी हलका (तलाठ्याच्या कामाचा भाग) आणि तालुका लिहा. नव्या गावठाणाच्या नावाने अर्ज केलात तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असा शेरा मारून तो परत येईल.